बिनउखाण्याचं नाव

आधी तो मोबाईल इथं माझ्यासमोर ठेवा. पालथा न्हाई, उताणा. दिवा लागला का विझला ते मला दिसलं पाहिजे. राग नका मानू. पाहुणे माणूस तुमी, चहा टाकते, पण मोबाईलवर माझा काडीचा भरवसा राहिला न्हाई. बोरीच्या कम्प्युटरवाल्याची माहिती लिहायला आलात म्हणता. लिहा की. माझ्याइतकी त्यांची माहिती कुणालाच न्हाई. लगीन करून आले तवापासून नजर ठेवून हाय.

नाव? नाव दुकानाच्या पाटीवर हाय, जाताना वाचून घ्या. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेती ते उखाण्यात, तेबी आधी दोन ओळी जुळवून, लाजतबिजत. नुसतं उघडं नाव घेतलं तर म्हणतात नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. मी काय आडाणी न्हाई, बारावी पास हाय. नाव घेतल्यानं कुणी मरत न्हाई हे मलाबी कळतं. पण जीभच वळत न्हाई त्याला काय करावं? ब्यांकेत साहेबानं "पतीचं नाव?" विचारलं की मी निकिताला कोपर मारते, मग ती सांगती. निकिता म्हणजे आमची लेक, परभणीला कॉलेजात हाय. ती म्हणती, "मम्मी, तू पप्पाला उभं आडवं झाडती, आन् नाव घ्यायला लाजती?" आता भांडायला नाव कशाला लागतं, मला सांगा. "आवो" एवढ्यावर माझं सगळं भांडण भागतं.

तर ह्यांचं सांगते.

ह्यांना लहानपणापासून वस्तू खोलून बघायची खोड. आत्याबाई सांगतात, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, चतुराबाई. तर त्या सांगतात की मामंजींचा रेडिओ ह्यांनी शाळकरी वयात खोलला. का, तर आत गाणारी बाई कुठं बसती ते बघायचं होतं. मामंजी रानातून आले तर खाटेवर रेडिओचा कोथळा बाहेर. लिंबाच्या फोकानं फोडून काढलं म्हणे. मार खाल्ला, रडत रडत रेडिओ जोडून दिला, तो वाजलाबी, पण एक स्क्रू हातात उरला. स्क्रू उरला तरी रेडिओ वाजतो कसा, ह्याचा हे अजून विचार करतात. मला तर वाटतं तो स्क्रू ह्यांच्याच डोक्यातला असंल.

पुढं परभणीला कम्प्युटरच्या क्लासला गेले. पहिला कम्प्युटर, तोबी वापरलेला, गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन आणला. मला नवी नवरी म्हणून आणलं तवा जीपमदी मागं, पत्र्याच्या पेटीवर बसवून आणलं होतं. हे मी ह्यांना दर भांडणात ऐकवते. दसऱ्याला आत्याबाईंनी त्या कम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, तर कुंकू बटणांच्या फटीत गेलं. तवापासून एक बटण दाबलं की अक्षर दोनदा उमटायचं. हे कधी आईवर चिडले न्हाईत. जास्तीचं उमटलेलं अक्षर पुसत बसायचे.

बसस्टँडजवळ दुकान टाकलं. पीक विमा, सातबारा, आधार, झेरॉक्स, फोटो. चांगलं चालतं. पण ते सगळं पोटासाठी. जीव अडकलाय गाण्यात. भजनी मंडळात पेटी वाजवतात, पण पेटीवर ह्यांचं समाधान होईना. मग आवाज गोळा करायची लहर आली. विहिरीवरची मोटार, कडबा कुट्टीची मशीन, ओरडणारं करडू, समदं मोबाईलमदी भरून न्यायचं आन् कम्प्युटरवर एकाला एक जोडत बसायचं. शेजाऱ्याची मोटरसायकल किक मारून मारून चालू होत न्हवती, तेबी भरून घेतलं. त्याचा ताल केला, वर पेटी वाजवली आन् एकादशीला मंडळाला ऐकवलं. मंडळी म्हणली, "गाणं झकास हाय बुवा, फक्त ती गाडी एकदा चालू करून टाका."

ह्यांचं बोलणंबी तसलंच. एकदा जेवता जेवता मला म्हणले, "आगं, आवाज म्हणजे नुसती थरथर. थरथर मोजली की आकडे झाले. आकडे झाले की मशीनला समजलं."

मी म्हणलं, "मग उद्यापासून आकडेच थापते तव्यावर. पीठ तरी वाचंल."

हसले. माणूस चिडतच न्हाई हो, तिथंच मला शक येतो. जो माणूस चिडत न्हाई त्याच्या मनात काय चाललंय ते कळायचं कसं?

आता मधी माझं सांगते, त्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. आमच्या भावकीत हळदीला गाणं मी म्हणते. चाल माझ्या आईची, शब्द माझे. रीत अशी हाय की नवरी पाटावर बसली की गाणारी एकेकीला गाण्यातनं हाक मारती. मामी ये, काकू ये. जिचं नाव आलं ती उठती, हळद लावती, बसती. शब्द काही पाठ केलेले नसतात. मंडपात नजर फिरवायची आन् जुळवायचे. कोण रुसून बसलंय, कोण उपाशीच आलीय, कोणाचं कोणाशी बोलणं बंद हाय, ते बघायचं. एका लग्नात दोन जावा एकमेकींचं तोंड बघत न्हवत्या. मी दोघींना एकाच कडव्यात बोलावलं. ताटात हाताला हात लागला, एकजण फिसकन हसली, दुसरीला रडू आलं. झालं, मिटलं.

अजून एक गोम सांगते. पाच सवाशिणींनी हळद लावायची, विधवा बाईनं लांब थांबायचं, हीबी आमची रीत. पण गाण्यात नाव आलं की उठायचंच, आन् हळदीचं गाणं मधी तोडलं तर अपशकुन, हीबी आमचीच रीत. मग मी काय करते? घालते नाव. एकदा नाव गेलं की आडवायची कुणाची छाती हाय? आत्याबाई डोळे वटारतात, मी डोळे मिटून गाते. रीतीला रीतच कापती, दुसरं काही कापत न्हाई.

तर कापूस वेचणीच्या दिवसात ह्यांचा मोबाईल सैपाकघरात दिसायला लागला. पिठाच्या डब्यावर. मी म्हणलं, "इथं कामून?" तर म्हणले, "चार्जिंगला लावलाय." आता बघा, चार्जरची वायर बैठकीत, मोबाईल डब्यावर. मला काय येडी समजतात? पण मी गप राहिले. चोराला दोरी ढिली सोडावी, आपण बघत राहावं. भाकरी थापताना मला गाणं म्हणायची सवय. ते चालूच होतं.

असं बरेच दिवस चाललं, आन् एक दिवस कडूबाई आली. तिचं बांगड्यांचं दुकान ह्यांच्या दुकानाला लागून हाय. आली, पाणी प्याली, इकडचं तिकडचं बोलली, आन् उठता उठता म्हणली, "सविता, राग नको मानू. तुझ्या मालकाच्या दुकानात दुपारच्याला बाई गाती. शटर अर्धं खाली असतं बरं का."

काय सांगू, अंगाचा नुसता जाळ झाला. तशीच चप्पल घातली. दुकानाशी आले, शटर अर्धं खाली. आतून बाईचा आवाज. आवाज चांगला होता, तेच मला जास्त झोंबलं. मी खणकन शटर वर केलं. हे एकटेच खुर्चीत.

"बाई कुठंय?"

"कोणती बाई?"

मी झेरॉक्स मशीनच्या मागं बघितलं, टेबलाखाली बघितलं, बिलाच्या कपाटातबी बघितलं. कपाटात बाई मावायची न्हाई, पण रागात माणूस मापं घेत न्हाई. हे इतके हसले की डोळ्याला पाणी आलं. कम्प्युटरकडं बोट करून म्हणले, "ही काय, आत बसलीय."

"कोण हाय ही?"

"ओळख बरं."

"मला काय म्हाईत? तुमच्या वळखीची, तुमी सांगा!"

सांगितलं न्हाई. "कळंल तुला" म्हणले. त्या रात्री मी ताटात कोरडी भाकर वाढली, आन् म्हणलं भाजी त्या आतल्या बाईकडून घ्या. खाल्ली गुमान.

पुढं संक्रांत आली. कडूबाईच्या घरी हळदीकुंकू, गल्लीतल्या बाया जमलेल्या, उखाणे चाललेले. माझी पाळी आली. मी तीळगुळाचा एक चांगला उखाणा जुळवून नेला होता. तोंड उघडते तोच कडूबाईची पोरगी म्हणली, "काकू, थांबा थांबा, काकांनी तुमचं गाणं टाकलंय ग्रुपवर!" आन् लावलं मोबाईलवर.

तीच बाई. दुकानातली. समद्या ओरडल्या, "आगं, ही तर सविताच की!"

मला खरं वाटंना. आपला आवाज आपल्याला आतून ऐकू येतो, म्हणून बाहेरून वळखू येत न्हाई, हे ह्यांनी नंतर समजावलं. तिथं तर मी न म्हणलेलं गाणं माझ्या गळ्यानं चालू होतं. हिरवा शालू, चंदेरी चांदणं, मोत्याचं कणीस, कुठल्याबी गावाला खपंल असलं गाणं. आमच्या शिवारात मोत्याचं कणीस कुणी बघितलंय? हिकडं ज्वारीला चिकटा पडलाय.

तेबी सोसलं असतं. पण शेवटचं कडवं आलं. भजनात शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं ना, अमका म्हणे, तमका म्हणे, तशी ह्यांना सवय. शब्द ह्यांनी लिहिलेले, म्हणून शेवटी स्वतःचं नाव घातलं. आन् ते घेतलं कुणी? माझ्या आवाजानं. उघडं, बिनउखाण्याचं. वरून आळवून आळवून, परत परत.

बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. कडूबाई म्हणली, "आगं बया! मी म्हणलं उखाणा घे, तर तू नवऱ्याच्या नावाचा पाळणाच म्हणायलीस!" आत्याबाईंनी पदर तोंडावर ओढला. आन् घरी उंबऱ्यात आल्यावर म्हणल्या, "सूनबाई, माझ्या लेकाचं नाव ट्रकच्या हॉर्नावाणी वाजवायलीस व्हय?"

"आत्याबाई, मी न्हाई वाजवलं."

"मग काय मी वाजवलं?"

आवाज माझा, तोंड माझं न्हाई. पोलिसालाबी सांगता यायचं न्हाई असला गुन्हा.

त्या दिवशी ह्यांना धरलं. तर ह्यांना खरंच नवल वाटलं. "मला वाटलं तुला आनंद हुईल," म्हणले. नावाचं तर ह्यांच्या ध्यानातच आलं न्हवतं. कसं येईल? ह्यांचं नाव जन्मापासून समदा गाव घेतोय. ते न घेता कसं जगायचं, ते बायकांनाच म्हाईत.

मग मला समजावत बसले. पिठाच्या डब्यावरून माझं गाणं रोज भरून घेतलं, ते मशीनला ऐकवलं, मशीन माझा गळा शिकलं. "मशीनला गाणं येत न्हाई गं," म्हणले, "त्याला अंदाज येतो. ह्या सुरापुढं कोणता सूर यावा, ह्या शब्दापुढं कोणता शब्द यावा, एवढाच."

"अंदाज हवामानवाल्यालाबी येतो. त्याच्या भरवशावर आपण सोयाबीन भिजवून घेतलं."

"तसं न्हवं. पेटी काय हाय? तीबी मशीनच. भात्यातली हवा आन् पितळाच्या पट्ट्या. पेटी आली तवाबी लोकांनी नावं ठेवली असतील. आन् तुझी चाल तरी कुठं तुझी? तुझ्या आईची. समदेच एकमेकांकडून घेतात. मशीननं घेतलं तर काय बिघडलं?"

बोलण्यात मुद्दा होता, ते कबूल करते. हा माणूस रिकामं बोलत न्हाई. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "आईनं मला दिली. तुमी माझी नेली, तेबी डब्यावर मोबाईल ठेवून. इचारलं असतं तर मी हो म्हणले असते का न्हाई, तेबी तुमाला कळून घ्यायचं न्हवतं." ह्यावर हे पेटीच्या खोळीचा बंद सोडत बांधत बसले.

तिथून माझं गाणं बंद पडलं. ठरवून न्हाई. भाकरी थापायला बसले की तोंड उघडायचं आन् नजर पिठाच्या डब्यावर जायची. डबा मोकळा असला तर फडताळात बघायची, फडताळात नसला तर खिडकीत. रानात गेले तरी तेच. कापसाच्या पऱ्हाट्या उपटताना माणूस आपसुक गुणगुणतो, तर मी वाकून बांधावर बघायची, कुणी मोबाईल ठेवलाय का. घशाला काही झालं न्हवतं. मनात शक बसला की गाणं बाहेर येत न्हाई. मला भीती वाटायची की आता हे असंच राहणार, माझं गाणं त्या कम्प्युटरच्या डब्यात राहणार आन् मी नुसती भाकरी थापणार.

वरून लोक. लगनसराई आली, तर बाया मला बोलवायला यायच्या त्या दुकानात जायला लागल्या. "भावजी, ते गाणं पाठवा की." कडूबाईच्या बहिणीनं तर मला तोंडावर सांगितलं, "तुमी कशाला तरास घेता वहिनी? मोबाईलवर लावतो, तुमी जेवायला या." जेवायला या! इतकं वाईट वाटलं, काय सांगू. गेले न्हाई जेवायला.

ह्यांना कळत होतं. ताटावर बसले की कान देऊन बसायचे. एक दिवस म्हणले, "आज गाणं न्हाई?"

"तुमच्याकडं हाय की," मी म्हणलं.

आन् मग आमच्या बबिताची हळद आली. बबिता माझ्या थोरल्या दिराची, रामदादांची लेक. पण तिला वाढवलं ते सरजाक्कांनी. सरजाबाई माझ्या नणंद. नवरा लवकर गेला, माहेरी आल्या त्या इथंच राहिल्या. रामदादांची बायको बाळंतपणानं खाटेला खिळली होती, तवापासून पोरीचं न्हाणं, धुणं, शाळा, समदं सरजाक्कांनी केलं. लग्नाची हळदबी त्यांनीच जात्यावर दळली. हात मनगटापर्यंत पिवळेजर्द. पण त्या हातांनी पोरीला हळद लावायची परवानगी न्हाई. मी तवाच मनाशी पक्कं केलं होतं की सरजाक्कांचं नाव गाण्यात घालायचं. कडवंबी जुळवून ठेवलं होतं. बबिताला सांगितलं, तर तिनं माझा हात गच्च धरला. म्हणली, "काकू, नक्की ना?" मी म्हणलं, नक्की.

गाणं निघंल का न्हाई, ह्याची धास्ती मात्र होती. कित्येक दिवसात तोंडातून सूर निघाला न्हवता.

मंडपात गेले तर रामदादा म्हणले, "सविता, तू बस निवांत. ह्यानं समदं मशीनवर करून आणलंय. पाच सवाशिणींची नावंबी घातलीत मी सांगून." बघितलं तर हे पार त्या टोकाला, स्पीकरचे मोठाले डब्बे लावून, कम्प्युटर उघडून बसलेले. माझ्याकडं बघून हसले. मला बरं वाटावं म्हणून केलं असंल. माझा घसा चालत न्हाई म्हणून मला झाकायला केलं असंल. पण तवा मला तसं काही सुचलं न्हाई. मला वाटलं, आता माझी जागाबी नेली.

लागलं गाणं. माझा आवाज मंडपभर. मामी ये, काकू ये, चुलती ये. ज्यांची नावं आली त्या उठल्या, हळद लावली, बसल्या. पाच झाल्या. मशीनला पाचच म्हाईत. सरजाक्का मंडपाच्या मेढीला टेकून उभ्या होत्या, पिवळे हात पदराखाली घेऊन. बबिता माझ्याकडं बघायली. तिच्या गालावर हळद आन् हळदीवरून पाणी. माझाच आवाज सरजाक्कांना वगळून पुढं गेला होता, आन् मी इथं तोंड मिटून बसलेली.

आलं शेवटचं कडवं. ह्यांचं नाव आलं, पोरं हसली. पोरं ओरडली, "वन्स मोर!" आन् गाणं पहिल्यापासून परत लागलं.

मी उठले. ओरडले, "आवो! बंद करा ते!" डब्ब्यांच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय? जीव खाऊन ओरडले, "आवो!" तर मंडपातले समदे नवरे वळले, एक आमचा सोडून. प्रत्येकाला वाटलं आपलीच बायको बोलवायली. कुणी हातातलं ताट खाली ठेवलं, कुणी तंबाखू थुकला. हे मात्र मान खाली घालून बटणं दाबायलेत.

आता गोष्टीपुरतं एकदा सांगते, लिहून घ्या, परत विचारू नका. मी थोरल्या दिरासमोर, सासूसमोर, अख्ख्या भावकीसमोर म्हणलं,

"आश्रुबा! बंद करा ते!"

ह्यांनी मान वर केली. आन् आधी कुणाकडं बघितलं म्हाईत हाय? डब्ब्याकडं. ह्यांना वाटलं मशीनच बोललं. मग माझ्याकडं बघितलं. मी उभी, हातभर पदर ढळलेला, धाप लागलेली. ह्यांनी बटण शोधलं न्हाई, सरळ वायर उपटली.

हळदीचं गाणं मधी तुटलेलं. आत्याबाईंचा चेहरा पांढराफटक. रामदादा काहीतरी बोलायला उठले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी सूर लावला. नीट लागला न्हाई. घोगरा लागला, फाटला, तरी सोडला न्हाई.

हळद दळली जिनं, पिवळी झाली मनगटाला,
ये गं सरजा आत्या, लेक बसली पाटाला.

एकदा म्हणलं. दोनदा म्हणलं. सरजाक्का मान हलवून न्हाई न्हाई करायल्या. पण गाणं आधीच एकदा तुटलं होतं. आता परत कोण तोडणार? रामदादा खाली बसले. आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. शेवटी त्यांचीच लेक ती. त्यांनीच हळदीचं ताट पायानं पुढं सारलं, कुणाला दिसू नये असं, पण मला दिसलं. सरजाक्का आल्या. बबितानं त्यांचे दोन्ही हात धरले आन् आपल्या गालावर दाबून धरले, सोडीचना. मी गातच राहिले. थांबले असते तर मला रडू आलं असतं.

पुढं समद्यांनी आपली नावं घालून घेतली. कडूबाईसुद्धा आपलं नाव कधी येतं त्याची वाट बघत बसली.

घरी येताना हे माझ्या मागं मागं चालत होते. लग्नाला आलेली निकिता पुढं गेली होती. मला म्हणले, "ते सगळं पुसून टाकतो. तुझा आवाज, गाणी, समदं." पुसलं म्हणतात. मी दुकानात जाऊन बघितलंबी. पण कम्प्युटरमदी कुठं काय दडवलेलं असतं, ते मला कुठं कळतंय? स्क्रू उरला तरी रेडिओ वाजतो, हे मी विसरलेली न्हाई. भाकरी थापताना पुन्हा गुणगुणते आता. डब्याकडं मात्र अजून बघते.

थोडं चालल्यावर परत म्हणले, "आधी मला वाटलं मशीनच बोललं. पण मशीनला दम लागत न्हाई. तुझा दम ऐकला आन् मला कळलं." मग थांबले. रस्त्यात कुणी न्हवतं. एवढा मोठा माणूस, पोरावाणी म्हणला, "आगं, लय चांगलं वाटलं. परत एकदा घे की नाव."

मी आधी ह्यांचा खिसा चाचपला. सदऱ्याचा, मग पँटचे दोन्ही. मोबाईल न्हवता. निकिताकडं देऊन आले होते.

मग घेतलं. ह्यांच्यापुरतं, हळूच. कसं घेतलं ते म्हणून दाखवलं असतं तुमाला, पण तुमच्या मोबाईलचा दिवा लागलाय बघा.